अमर्याद जेवणाचे गणित

जहाजावर राहणे हाच ज्या सागरी सहलीचा मुख्य हेतू असतो तिला क्रूझ म्हणतात, आणि अशा सहलीच्या तिकिटात खोली, प्रवास व करमणूक यांच्याबरोबर दिवसभराचे खाणेही धरलेले असल्यामुळे ताटात कितीही घेतले तरी त्याचा हिशेब होत नाही, असे प्रवाशाला वाटत राहते. जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आलेल्या आणि मायामीहून सात रात्रींच्या फेऱ्या करणाऱ्या रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजाची कमाल प्रवासी क्षमता ७,६०० असून त्यांच्या दिमतीला सुमारे २,३५० कर्मचारी असतात. एखाद्या लहान गावाएवढ्या या वस्तीला न्याहारीपासून मध्यरात्रीच्या पिझ्झापर्यंत सर्व काही पुरवायचे असते, आणि तेही अशा ठिकाणी, जिथे मीठ संपले तरी ते आणायला दुकान नसते. म्हणूनच या मुबलकतेच्या मुळाशी मोजमापाची कडक शिस्त असते. वजन, तापमान, वेळ आणि किनाऱ्यापासूनचे अंतर या गोष्टी पडद्याआड जितक्या काटेकोरपणे मोजल्या जातात, तितका पडद्यापुढचा थाट बेहिशेबी भासतो.

वाफेच्या जहाजांच्या आरंभकाळी हा थाट नव्हता. क्युनार्ड कंपनीचे ‘ब्रिटानिया’ हे जहाज १८४० मध्ये लिव्हरपूलहून अटलांटिकपार निघाले, तेव्हा ताज्या दुधाची सोय म्हणून त्यावर एक गाय बांधलेली होती, आणि दोन वर्षांनी याच जहाजाने अमेरिकेला गेलेल्या चार्ल्स डिकन्सने आपल्या प्रवासवर्णनात तिथल्या जेवणाचे खोचक वर्णन केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत यांत्रिक शीतकरण जहाजांवर रुळले, जिवंत जनावरे बरोबर नेण्याची गरज संपत गेली आणि मांस, लोणी व फळे लांबच्या प्रवासातही टिकू लागल्यावर जेवणाला चैनीचे रूप देता आले. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या अल्बर्ट बालिन यांनी १८९१ च्या हिवाळ्यात, अटलांटिकवरचे प्रवासी रोडावलेले असताना, ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज भूमध्य समुद्राच्या सहलीवर धाडले, आणि आधुनिक क्रूझची सुरुवात बहुधा याच फेरीपासून धरली जाते. याच कंपनीच्या ‘अमेरिका’ जहाजावर १९०५ मध्ये रिट्झ-कार्लटन नावाचे स्वतंत्र उपाहारगृह निघाले, जिथे ठरावीक वेळेच्या पंगतीत न बसता प्रवाशाला यादीतून हवा तो पदार्थ निवडून त्याचे वेगळे पैसे देता येत. पुढे १९३५ च्या ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच जहाजावर पहिल्या वर्गाचे भोजनगृह ३०५ फूट लांब होते आणि त्यात एका वेळी सुमारे ७०० जण बसत.

अटलांटिकवर १९५८ मध्ये जेट विमानांची सेवा सुरू झाल्यावर पलीकडे पोहोचण्यासाठी जहाज धरण्याचे कारण उरले नाही, आणि त्यानंतरच्या दशकात उभ्या राहिलेल्या नव्या कंपन्यांनी मायामीतून जहाजावरचा मुक्कामच विकायला काढला. त्यांनी वर्गवार भोजनगृहे मोडली व एकच मोठे दालन सर्वांना खुले केले. ‘सगळे जेवण तिकिटात’ हे या नव्या धंद्याचे मोठे आकर्षण ठरले.

कोठार आणि गॅली

फेरी संपवून जहाज बंदरात आले, की सकाळी जुने प्रवासी उतरतात, दुपारपासून नवे चढतात आणि मधल्या मोजक्या तासांत पुढच्या फेरीचा शिधा भरला जातो. पॅलेट म्हणजे माल रचून बांधलेल्या चौकटी फोर्कलिफ्टने जहाजाच्या कुशीतल्या दारातून आत जातात आणि तिथून, जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या रुंद बोळातून, ज्याला अमेरिकी जहाजांवर तिथल्या महामार्गावरून ‘आय-नाइन्टीफाइव्ह’ म्हणतात, खालच्या मजल्यांवरच्या कोठारांत पोहोचतात. मांस, मासे, दूधदुभते, भाज्या आणि फळे यांच्यासाठी निरनिराळ्या तापमानांच्या शीतखोल्या असतात. कोठाराचा प्रमुख, म्हणजे प्रोव्हिजन मास्टर, पेट्या उघडून भाजी पाहतो, गोठवलेल्या मालाचे तापमान घेतो आणि ते चढलेले आढळल्यास माल धक्क्यावरूनच परत पाठवतो, कारण दोर सुटल्यानंतर बदली माल मिळणे दुरापास्त असते. किती मागवायचे याचा अंदाज मागच्या फेऱ्यांच्या नोंदींवरून बांधला जातो. शाळांच्या सुट्टीतल्या फेरीला मुले अधिक असतात, एखाद्या देशाचे प्रवासी भात जास्त खातात तर दुसऱ्या देशाचे पाव, आणि प्रवाशांच्या यादीत दिसणारा हा फरक कोठाराच्या मागणीपत्रात उतरवावा लागतो.

जहाजावरच्या स्वयंपाकघराला गॅली म्हणतात. जहाजावर आगीइतके मोठे भय दुसरे नसल्यामुळे क्रूझच्या गॅलीत उघडी ज्योत सहसा नसते. ‘आयकॉन’ची इंजिने द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतात, तरी अशा जहाजांवर स्वयंपाक मात्र विजेच्या शेगड्या, भट्ट्या आणि वाफेच्या मोठ्या कढया यांवर होतो. शेगड्यांच्या कडेला आडव्या दांड्यांचा कठडा असतो, जेणेकरून जहाज हेलकावे खाऊ लागले तरी पातेले घसरत नाही. मांस कापणे, मासे साफ करणे, भाजी चिरणे, पाव भाजणे, गोड पदार्थ करणे, थंड पदार्थ लावणे आणि भांडी घासणे यांच्या जागा वेगळ्या असतात आणि कच्चा माल शिजवलेल्या अन्नाच्या वाटेत येऊ नये अशी त्यांची मांडणी असते. गोठवलेले मांस शीतखोलीतच सावकाश वितळू द्यावे लागत असल्याने त्याचा विचार जेवणाच्या दोन-तीन दिवस आधी करावा लागतो. रात्रीच्या जेवणाआधी मुख्य आचारी प्रत्येक पदार्थाची एक नमुन्याची ताटली लावून दाखवतो, आणि ओळीत उभे असलेले आचारी त्या नमुन्याबरहुकूम शेकडो ताटल्या भरतात; मांसाचा तुकडा कुठे, भाजी कोणत्या बाजूला आणि रस्सा किती पळ्या, हे सर्व त्या एका ताटलीवरून ठरते. वेटर झाकलेल्या ताटल्यांची चळत मोठ्या तबकावर रचतो आणि ते खांद्यावर तोलून दालनात जातो.

अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या क्रूझ जहाजांच्या स्वच्छतेवर तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा, १९७० च्या दशकापासून चालू असलेला, एक कार्यक्रम लक्ष ठेवतो. त्याचे निरीक्षक पूर्वसूचना न देता येतात, शंभरपैकी गुण देतात आणि ८६ पेक्षा कमी गुण मिळालेले जहाज नापास ठरते. गरम अन्न ५७ अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावे, आणि शिजवलेला पदार्थ थंड करताना तो दोन तासांत ५७ वरून २१ अंशांवर व पुढच्या चार तासांत ५ अंशांवर यावा, असा दंडक आहे, कारण या दोन टोकांमधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. बुफेवर, म्हणजे स्वतः वाढून घेण्याच्या टेबलावर, जे पदार्थ या तापमानांबाहेर ठेवायचे असतात, त्यांच्यासाठी चार तासांची मुदत असते. मुदतीची वेळ लिहून ठेवलेली असते आणि ती उलटली की भांडे अर्धे भरलेले असले तरी आतला पदार्थ टाकून दिला जातो. उलट्या व जुलाब घडवणारा नोरोव्हायरस मात्र अन्नाइतकाच हातांवरून आणि कठड्यांवरून पसरतो आणि अल्कोहोलच्या द्रवाला तो फारशी दाद देत नाही, म्हणून भोजनगृहाच्या दारात साबणाने हात धुण्याचा आग्रह असतो. आजाऱ्यांची संख्या वाढू लागली की बुफेवरचे चमचे प्रवाशांच्या हातून काढून घेतले जातात आणि वाढण्याचे काम कर्मचारी करू लागतात.

वेळेची पंगत

मुख्य भोजनगृहातली पारंपरिक पद्धत दोन पंगतींची असते; एक सायंकाळी लवकर आणि दुसरी तिच्यानंतर, म्हणजे निम्मे प्रवासी जेवत असताना उरलेले निम्मे नाट्यगृहात असतात आणि मग अदलाबदल होते. टेबल, शेजारी आणि वेटर आठवडाभर तेच राहतात, त्यामुळे कोणाला बर्फाचे पाणी लागते आणि कोणाला शेंगदाणे वर्ज्य आहेत हे दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपर्यंत वेटरला पाठ झालेले असते. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० मध्ये ‘फ्रीस्टाइल’ नावाने ठरावीक वेळ आणि ठरावीक टेबल यांचे बंधन काढून टाकले आणि नंतर इतर कंपन्यांनीही तशी सोय केली; परंतु या मोकळिकीबरोबर वेगळे शुल्क घेणाऱ्या उपाहारगृहांची संख्या वाढत गेली आणि महागड्या सूटमध्ये राहणाऱ्यांसाठी राखीव भोजनगृहेही आली. मोडलेली वर्गवारी अशा रीतीने दरपत्रकाच्या वाटेने परतली आहे. बुफेवरही मोजमाप चालूच असते: अनेक जहाजांनी तिथली तबके काढून फक्त ताटल्या ठेवल्या आहेत, कारण हातात एकच ताटली असली की माणूस बेताने घेतो आणि उष्टे कमी पडते.

पेयांच्या बाबतीत हे मोजमाप प्रवाशालाही दिसते. साधे पाणी, चहा आणि कॉफी बहुधा तिकिटात असतात, तर मद्य आणि शीतपेये वेगळ्या पैशांची असतात. प्रत्येक पेल्याची नोंद खोलीच्या कार्डावर होते आणि अमेरिकी जहाजांवर त्यावर साधारण १८ ते २० टक्के सेवाशुल्क चढते. ठरावीक दैनिक रकमेत हवे तितके पिण्याची योजनाही असते, मात्र कार्निव्हल कंपनीच्या अशा योजनेत २४ तासांत १५ मद्यपेयांची मर्यादा आहे, आणि एकाने योजना घेऊन दुसऱ्याला पाजू नये म्हणून त्याच खोलीतल्या इतर प्रौढांनाही ती घ्यावी लागते. अनेक बंदरांत जहाज उभे असेपर्यंत करमुक्त मद्याचे कोठार सीमाशुल्क खात्याच्या मोहोरेखाली बंद राहते. मद्य, जुगार, किनाऱ्यावरच्या सहली आणि शुल्काची उपाहारगृहे या जहाजावरच्या कमाईचे वजन मोठे आहे: कार्निव्हल कॉर्पोरेशनच्या २०२३ मधल्या सुमारे २१.६ अब्ज डॉलर उत्पन्नापैकी सुमारे ७.५ अब्ज डॉलर तिकिटाबाहेरचे होते. तिकिटातले जेवण प्रवाशाला जहाजावर आणते आणि नफ्याचा मोठा वाटा त्या जेवणाच्या आजूबाजूला मिळतो.

वाढणारे हात

या सेवेशी गोवा आणि कोकण यांचा संबंध जुना आहे. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या जहाजांवर डेकवरचे खलाशी अनेकदा रत्नागिरी व आसपासच्या किनाऱ्यावरचे असत, तर सलून म्हणजे प्रवाशांच्या भोजन-निवासाचा विभाग प्रामुख्याने गोव्याच्या ख्रिस्ती स्टुअर्ड व आचाऱ्यांकडे असे. पोर्तुगीज अमदानीतल्या पाककलेशी परिचय आणि मांस-मद्य हाताळण्यास धर्माची आडकाठी नसणे ही त्यामागची कारणे होती. दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात हे गोव्याचे तारवटी, म्हणजे जहाजांवरचे कामगार, मुंबईत धोबी तलाव आणि गिरगाव परिसरातल्या, आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या कुडींमध्ये, म्हणजे सामायिक वसतिगृहांत, अल्प खर्चात राहत. आजही क्रूझवर भारतीय वेटर आणि आचारी मोठ्या संख्येने दिसतात. काही महिन्यांचा करार आणि त्यात आठवड्याचे सातही दिवस काम, असे त्यांचे जीवन असते. २०१३ मध्ये अमलात आलेल्या आणि भारताने २०१५ मध्ये मान्य केलेल्या सागरी कामगार करारानुसार कर्मचाऱ्याला दर २४ तासांत किमान दहा तास विश्रांती आणि धर्म व संस्कृती लक्षात घेऊन केलेले जेवण विनामूल्य मिळाले पाहिजे, म्हणून कर्मचाऱ्यांच्या मेसमध्ये रोज भात असतो आणि बहुधा एखादी आमटीही.

जेवण संपल्यावरही मोजणे संपत नाही. समुद्रप्रदूषणाविषयीच्या मार्पोल करारानुसार प्लास्टिक समुद्रात टाकण्यास कुठेही परवानगी नाही, आणि ‘आयकॉन’ ज्या कॅरिबियन प्रदेशात फिरते तो विशेष संरक्षित क्षेत्र असल्याने उरलेले अन्न २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतके बारीक करून, किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, जहाज चालू असतानाच सोडता येते. त्यासाठी गॅलीतच प्लास्टिक, हाडे आणि मऊ उष्टे वेगळे करावे लागते. काही कंपन्यांनी जंतूंच्या साहाय्याने उष्ट्याचे द्रवात रूपांतर करणारी जैवपाचक यंत्रे बसवली आहेत.

मुंबईहून सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसने ‘एम्प्रेस’ हे १९९० मधले, एकेकाळी रॉयल कॅरिबियनकडे असलेले जहाज गोवा व लक्षद्वीपच्या वाटेवर आणले, तेव्हा या गणितात एक नवे परिमाण आले. तिथे जैन जेवण मिळते, आणि कांदा, लसूण व कंदमुळे वगळणे हा त्याचा केवळ एक भाग असतो. चौविहार पाळणाऱ्यांना सूर्यास्तापूर्वी जेवायचे असते, म्हणजे सायंकाळच्या पहिल्या पंगतीच्याही आधी गॅलीचा एक भाग चालू करावा लागतो, भांडी व पळ्या वेगळ्या ठेवाव्या लागतात आणि त्यासाठी लागणाऱ्या भाज्यांचा अंदाज धक्क्यावर असतानाच बांधावा लागतो. किनाऱ्यावरच्या हॉटेलात ऐनवेळी सांगितले तरी आचारी बाजारातून कच्ची केळी मागवून वेळ निभावून नेतो. जहाजावर मात्र ही गरज तिकीट काढतानाच कळवलेली बरी, कारण कोठारात जे चढले नाही ते पुढच्या बंदरापर्यंत कोणाच्याही ताटात येऊ शकत नाही.