पडद्यावरचा नट, मैदानावरचा गडी

भिवंडीत कबड्डी पाहिलेल्याला रग्बी फारशी परकी वाटू नये. चढाई करणाऱ्याची पकड करतात, तशीच इथे चेंडू घेऊन धावणाऱ्याची. मात्र हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही. तो मागच्या सोबत्याकडेच द्यायचा. पुढे न्यायचा तर पळायचे, नाहीतर लाथ मारायची.

राहुल बोस आपल्याला नट म्हणून ठाऊक आहेत. १९९८ साली भारताचा रग्बी संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरला, त्यात ते होते. ज्याचे पोट चेहऱ्यावर चालते, तो माणूस अनेक वर्षे अंगावर येणारे गडी अडवत राहिला. पुढे ते राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले.

आता नामिबिया पाहा. वस्ती जेमतेम तीस लाख. तरी १९९९ ते २०२३ हा देश प्रत्येक विश्वचषकात खेळला. तिथला जॅक बर्गर २००७, २०११ आणि २०१५ असे तीन विश्वचषक खेळला आणि इंग्लंडच्या सॅरासेन्स क्लबात त्याने व्यावसायिक रग्बीवर पोट भरले. भारत मात्र तिथवर एकदाही पोचला नाही.

हौसेने एखादा राहुल बोस घडतो. संघ घडायला मुलांच्या पायाखाली मैदान लागते.