पासपोर्टावरचा शिक्का

अहमदनगर म्हटलं, की आपल्याला भुईकोट किल्ला आणि १९४२ नंतर तिथे डांबलेले नेहरू, मौलाना आझाद आठवतात. पण त्याच्या तीन वर्षं आधीपासून त्याच गावात (आताच्या अहिल्यानगरात) काटेरी तारेआड आणखी काही माणसं होती. त्यांची आठवण सहसा कुणी काढत नाही. करकंबहून टेंभुर्णी-करमाळामार्गे मी नगरला कितीदा गेलो, पण ही हकीकत मला बँकेतून निवृत्त झाल्यावर वाचनात सापडली.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं आणि हिंदुस्थानभरातल्या जर्मन पासपोर्टवाल्यांना पकडून नगरच्या छावणीत आणलं गेलं. त्यांत नाझी होते, व्यापारी होते, मिशनरी होते. आणि हिटलरच्या तावडीतून निसटून इथे आसऱ्याला आलेले ज्यूही होते. ज्यांच्या भीतीनं घरदार सोडलं, त्यांच्याच शेजारी मुक्काम! चौकशीनंतर बरेच ज्यू सुटले. पण १९४० मध्ये हॉलंड, फ्रान्स पडले, तशी पुन्हा धरपकड झाली. काही कुटुंबांना पुरंदरवर आणि साताऱ्याला ठेवलं.

जर्मन सरकार १९३८ पासून ज्यूंच्या पासपोर्टवर तांबडा 'जे' उमटवत होतं. नोव्हेंबर १९४१ मध्ये तर देशाबाहेर गेलेल्या ज्यूंचं नागरिकत्वच काढून घेतलं. जर्मनी म्हणे, हे आमचे नव्हेत. इंग्रजांच्या वहीत मात्र ते शत्रूचेच नागरिक राहिले. मी आयुष्यभर कागद तपासले आहेत, तेव्हा कागदाला नावं ठेवणार नाही. पण सही जुळली नाही, तर आम्ही चेक परत करायचो. चेक आणणाऱ्याला तिजोरीत कोंडायचो नाही.

आता दुसरं चित्र पाहा. याच युद्धात, याच महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ मध्ये पोलंडच्या निर्वासितांची वसाहत उभी राहिली. स्टॅलिननं सैबेरियात हाकललेली ही माणसं इराणमार्गे आली होती; सुमारे पाच हजार, बहुतेक बाया आणि पोरं. इथे तुरुंगाचा कारभार नव्हता. शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं होत होती. १९४८ पर्यंत ही माणसं इथे राहिली. पुढे त्याच बराकींत सिंधी निर्वासितांचे संसार उभे राहिले. तेच आजचं गांधीनगर. पोलंडची माणसं मित्रराष्ट्राची होती, त्यांचा खर्च त्यांचं लंडनमधलं सरकार सोसत होतं, हे खरं. पण नगरच्या तारेआडचा ज्यूही हिटलरचाच मार खाऊन आला होता. दोघांत फरक शिक्क्याचा.

युद्ध संपलं, तरी १९४६ चा परदेशी नागरिकांचा कायदा मागे राहिला. त्याच्या नवव्या कलमानुसार, आपण परदेशी नाही हे ज्याचं त्यानं सिद्ध करायचं. २०२५ मध्ये तो कायदा जाऊन नवा आला, पण ही तरतूद तशीच पुढे आली. निर्वासित कोणाला म्हणायचं, हे आपल्या कायद्यात अजून नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही. सिद्ध करणं म्हणजे काय, हे आमच्या खेड्यात येऊन पाहावं. एकाच म्हातारीचं नाव रेशनकार्डावर चंद्रभागा, सातबाऱ्यावर चंदरबाई आणि पासबुकात चंद्राबाई. खातं उघडताना आम्ही पंचांना बोलावून निभावून नेत असू.

आसामात गोलपाडा जिल्ह्यात मटियाला, तीन हजार माणसं मावतील अशी छावणी २०२३ पासून आहे. तिथल्या पाण्याच्या, संडासांच्या, औषधपाण्याच्या हालांवर सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये ताशेरे ओढले. सीमेवरून कोण येतो, हे सरकारनं पाहिलंच पाहिजे, त्यात माझा वाद नाही. पण पाहायला वेळ तरी द्यावा. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात मजुरीला आलेल्या काही बंगाली मुसलमानांना पकडून थेट बांगलादेशच्या हद्दीत ढकललं गेलं. ती माणसं पश्चिम बंगालची, म्हणजे आपलीच निघाली. तिथल्या सरकारनं कागदपत्रं दाखवून पाठपुरावा केला, तेव्हा सीमा सुरक्षा दलाला त्यांना परत आणावं लागलं.