इशारा न समजणारा नोकर कामचुकार नसतो

आपला धंदा निम्मा जिभेने आणि निम्मा इशाऱ्याने चालतो. गिऱ्हाईक आले की सेठ नोकराकडे नुसते बघतो. नोकराने समजून वरच्या फळीवरचा भारी ताका काढायचा. सेठ "बसा, बसा" असे जरा मोठ्याने म्हणाला की चहा सांगायला पळायचे. हे कोणी शिकवत नाही. नवा पोरगा पंधरा दिवसांत बघून बघून शिकतो. पण काही माणसांना हे आपोआप उमगत नाही, आणि त्यात त्यांचा कसूर नसतो.

शहापूरच्या बाजारात कापडाचे दुकान चालवताना मला हे फार उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी मुरबाडकडचा एक तरुण माझ्याकडे कामाला होता. हिशोबाला पक्का. कोणता ताका कोणत्या फळीवर, किती मीटर शिल्लक, सगळे तोंडपाठ. त्याने मोजलेले कापड कधी बोटभर कमी-जास्त झाले नाही. पण "जरा आवरून घे" म्हटले तर उभाच राहायचा. "माल दाखव" म्हटले तर एक ताका दाखवून थांबायचा. लग्नसराईच्या गर्दीत, गोंगाटात, कानांवर हात ठेवून मागच्या खोलीत जाऊन बसायचा. मला वाटे, पोरगा मगरूर आहे.

मग एक दिवस हद्द झाली. आपण कापडवाले खरेदीचा भाव चिठ्ठीवर गुप्त अक्षरांत लिहितो, हे वाचकांना ठाऊक आहे. एका बाईंनी त्याला विचारले, "खरं सांग, सेठला हे केवढ्याला पडलं?" त्याने अक्षरे वाचली आणि खरा आकडा सांगून टाकला. त्याच संध्याकाळी मी त्याचा पगार हातावर ठेवला आणि उद्यापासून येऊ नको म्हणालो. तो एवढेच बोलला, "चाचा, सांगू नको असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत." तेव्हा मला ते उद्धटपणाचे वाटले.

वर्षभराने मुरबाडला एका टेलर मास्टरांकडे शाळेच्या गणवेशाचे कापड पोचवायला गेलो, तर हाच तरुण तिथे. भिंतीवर फळा, त्यावर खडूने कामे क्रमाने लिहिलेली: आधी माप तपास, मग खूण कर, दहा पीस झाले की मास्टरना दाखव. मास्टर म्हणाले, "घरच्यांनी मुंबईला दाखवलं. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. सेठ, पोरगा चुकत नाही. आपणच अर्धं बोलतो."

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. ही जन्मापासूनची मेंदूची वेगळी घडण आहे. हे वेड नाही, आई-बापाच्या संगोपनाचा दोष नाही आणि कोणाची नजरही नाही. अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली यावर पहिला मोठा लेख लिहिला. ब्रिटनचे डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ साली मांडले की गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो: त्यांना आपले इशारे कळत नाहीत, तसे आपल्यालाही त्यांचे मन कळत नाही. २०१० च्या 'माय नेम इज खान' मधला रिझवान पाहून आपण डोळे पुसले, पण आपल्याच दुकानातला रिझवान आपल्याला ओळखता येत नाही.

सरकारलाही उशीरच झाला. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ते आले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत त्याची गणना केली. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड जरूर काढावे. पण स्पष्ट बोलायला कोणत्याही कागदाची गरज नाही.

व्यापारी बंधूंनी काय करावे?

काम पूर्ण वाक्यात सांगावे. "लवकर ये" नको, "साडेनऊला ये" म्हणावे. गिऱ्हाइकाला काय सांगायचे आणि काय नाही, हे पहिल्याच दिवशी सांगावे. रोजची कामे लिहून लावावीत. चूक झाली तर चारचौघांत टोमणा न मारता बाजूला घेऊन साध्या शब्दांत सांगावे. गर्दीच्या दिवसांत दहा मिनिटे शांत बसायला जागा द्यावी. सगळे ऑटिस्टिक लोक सारखे नसतात. कोणी बोलत नाही, कोणाला आयुष्यभर आधार लागतो. म्हणून त्या माणसालाच विचारावे, तुला काय सोपे पडते?

मी माझ्या दुकानात अशी यादी लावली आहे. बाकीच्या नोकरांच्याही चुका कमी झाल्या.

त्या दिवशी मुरबाडला मी त्याला म्हणालो, "बेटा, चूक माझी होती. परत येतोस?" तो म्हणाला, "नाही चाचा, इथे बरं आहे." मग त्याने माझे ताके मोजायला घेतले आणि सर्वांसमोर सांगितले, "दोन मीटर कमी आहे." मी पुन्हा मोजले. दोन मीटरच कमी होते. दुसऱ्या दिवशी मी ते पाठवून दिले.