पदवीचे गोड ताट, सगळ्यांसाठी एकच

वस्तीतले मूल पदवीधर झाले की विहारात त्रिसरण-पंचशील होते, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि मग केक-पेढ्यांचे बॉक्स उघडतात. अशा वेळी धुणीभांडी करून नातीची फी भरणारी आजी अनेकदा कोपऱ्यात बसलेली आम्हाला दिसते. "तिला शुगर आहे, तिला नको," असे कोणी म्हणते. नाहीतर आग्रह करून तिला दोन पेढे आणि वर कोल्ड्रिंक दिले जाते. आमच्या मते दोन्ही चूक. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पंगतीबाहेर बसवले, त्यांनी आपल्या आजारी माणसाला तरी वेगळे बसवू नये.

म्हणून ताट एकच करावे आणि ते सर्वांना चालेल असे लावावे.

मोठी परात स्वच्छ धुऊन तिच्यात केळीचे पान अंथरा. अर्धी परात फळांची: पेरू, पपई, सफरचंद, डाळिंबाचे दाणे, जे मोसमात स्वस्त असेल ते. पाव भागात भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि ओल्या खोबऱ्याचे काप. उरलेल्या पाव भागात गोड पदार्थ, पण लहान आकाराचे: आवळ्याएवढे नाचणीचे किंवा शेंगदाण्याचे लाडू, चिक्कीचे छोटे तुकडे, एका पेढ्याचे दोन भाग, केकचे इंचभर चौकोन. तुकडा लहान असला की आनंदात सामील होता येते आणि शरीरावर भारही कमी पडतो.

गूळ, मध, खजूर "चालतो" हा गैरसमज आहे. त्यानेही रक्तातली साखर वाढते. ३०० मिलिलिटर कोल्ड्रिंकमध्ये सुमारे ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढालाही दिवसभरात वरून घेतलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. कोल्ड्रिंकऐवजी ताक ठेवा. फळांचा रस काढू नका, फळ चावून खाऊ द्या.

मधुमेह असलेल्यांनी गोड रिकाम्या पोटी न खाता जेवणानंतर एखादा तुकडा खावा. कार्यक्रम आहे म्हणून गोळी किंवा इन्सुलिन चुकवू नये, आणि गोड खाल्ले म्हणून मनाने डोस वाढवूही नये. जेवणाला उशीर होऊन कोणाला घाम सुटला, हातपाय थरथरले, तर मात्र साखरच औषध आहे. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या आणि दवाखान्यात न्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

आणखी दोन गोष्टी. खव्याचे पदार्थ, क्रीमचा केक आणि चिरलेली फळे दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका; कडक उन्हाळ्यात तासाभरातच संपवा. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांना मऊ लाडू द्या.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. हा आजार लपवण्याचा नाही, सांभाळण्याचा आहे. पदवी घेऊन आलेल्या मुलीने परातीतला पहिला तुकडा आपल्या हाताने आजीला भरवावा. त्या पदवीत आजीचाही वाटा आहे.

जय भीम.