सादळलेला ॲम्प

चंदगडच्या पावसाळ्यात पापड सादळतात, तसे गिटारच्या व्हॉल्व्ह ॲम्पचे सांधेही सादळतात. आवाज बसला की सगळे व्हॉल्व्हवर खापर फोडतात. मी म्हणेन, आधी केबल बदला. मग व्हॉल्यूमचं बटण वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. खरखरत आवाज परतला, तर आतल्या पट्टीवर ओल नाहीतर धूळ बसली आहे. मागे इफेक्ट लूप असेल तर त्याची ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ सॉकेटं छोट्या केबलने जोडा. आवाज मोकळा झाला? मग दोष सॉकेटच्या काळवंडलेल्या पट्टीत. नाहीच भागलं, तर ॲम्प बंद करून, गार झाल्यावर पहिला छोटा व्हॉल्व्ह, बहुधा १२एएक्स७, बदलून पाहा. पेटी मात्र मेकॅनिकलाच उघडू द्या. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३००-४०० व्होल्ट शिल्लक असू शकतात.