संभाजी महाराज : प्रतिमा आणि पुरावा

छत्रपती संभाजी महाराजांची कारकीर्द १६८० ते १६८९ अशी जेमतेम नऊ वर्षांची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी वाचकाच्या मनात या राजाचे चित्र होते ते तापट, विलासी आणि वडिलांनी कमावलेले घालवणाऱ्या मुलाचे. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी आपल्या खंडाला ‘उग्रप्रकृति संभाजी’ असे नाव दिले होते, आणि राम गणेश गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’ने तेच चित्र रंगभूमीवर नेले. १९६० साली वा. सी. बेंद्रे यांचे संभाजीचरित्र प्रसिद्ध झाले आणि या चित्राला पहिला मोठा तडा गेला. बेंद्र्यांनी १९२८ मध्येच ‘साधन-चिकित्सा’ नावाचा ग्रंथ लिहिला होता. कागद कोणी लिहिला, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला, माहिती कोठून मिळाली आणि लिहिणाऱ्याचे हितसंबंध कोणते, हे तपासल्याशिवाय साधन वापरायचे नाही, अशी त्यात मांडलेली शिस्त आहे.

या शिस्तीची खरी परीक्षा मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीवर झाली. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्यात लिहिली गेली, म्हणजे संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशेच्या आसपास वर्षांनी. बखरकार बाळाजी आवजी चिटणीसांच्या घराण्यातले. १६८१ मध्ये राजाविरुद्धचा कट उघडकीस आल्यावर अण्णाजी दत्तोंबरोबर याच बाळाजींना देहान्त शासन झाले होते. एवढ्यावरून बखर खोटी ठरत नाही. पण तिला साक्षीदार मानायचे की फिर्यादी, हा प्रश्न उभा राहतो. गमतीची बाब अशी की बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ पुढे याच राजाच्या आणि नंतर राजाराम महाराजांच्या सेवेत निष्ठेने राहिला. घराण्याची तक्रार पुढच्या पिढ्यांत वाढत गेली असावी.

सोयराबाईंच्या मृत्यूची हकिकत या दृष्टीने बोलकी आहे. रायगड ताब्यात येताच, १६८० मध्येच, संभाजी महाराजांनी सावत्र आईला हाल करून मारले, असे उत्तरकालीन परंपरेत सांगितले जाते. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात तेच घेतले आणि इंग्रजी पुस्तकांतून ते जगभर गेले. समकालीन नोंदींनुसार मात्र सोयराबाईंचा मृत्यू ऑक्टोबर १६८१ मधला आहे. शिवाय ऑगस्ट १६८० मध्ये संभाजी महाराजांनी नामदेवभट्ट बाकरे यांना दिलेल्या संस्कृत दानपत्रात सोयराबाईंच्या मनाला स्फटिकाच्या निर्मळपणाची उपमा दिली आहे. रायगडावरची ती कहाणी तारखेपाशीच कोसळते. मृत्यूचे कारण काय, विषप्रयोग झाला का, हा वाद वेगळा आहे आणि तो मिटलेला नाही.

‘बुधभूषण’ हा संभाजी महाराजांच्या नावावरचा संस्कृत ग्रंथ पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२६ मध्ये छापला. निरक्षर, उनाड राजपुत्राच्या कल्पनेला हा ग्रंथ आणि ते दानपत्र दोन्ही छेद देतात. अर्थात संस्कृत येणारा माणूस रागीट नसतोच असे नाही. पुराव्यातून जेवढे निघते तेवढेच काढावे, हा नियम बचाव करणाऱ्यांनाही लागू आहे.

खानदेशापुरते पाहायचे तर बुऱ्हाणपूरचा छापा हे या चिकित्सेचे उत्तम उदाहरण ठरते. १६ जानेवारी १६८१ ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मराठी फौज खानदेश सुभ्याच्या राजधानीवर धडकली. तटाबाहेरच्या बहादुरपुऱ्यासह अनेक श्रीमंत पुरे तीन दिवस लुटले गेले. तटाच्या आतले शहर वाचले. याचे सविस्तर वर्णन मोगल इतिहासकार खाफीखान देतो. मोगल सरदार खानजहान औरंगाबादहून मदतीला निघाला, फर्दापूरचा घाट उतरून एदलाबादेकडे, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरकडे वळला, आणि मराठे धरणगाव-चोपड्याच्या वाटेने साल्हेरला निसटले. खानाने लाच खाऊन मुद्दाम उशीर केला, अशी कुजबूज खाफीखानच नोंदवतो. तोही पन्नासेक वर्षांनी आणि शत्रूच्या बाजूने लिहितो आहे. पण त्याने दिलेली गावे नकाशावर ठेवली की वाट जुळते. उलट संभाजी महाराज जातीने छाप्यात होते, हे त्याचे विधान बहुतेक मराठी इतिहासकार मान्य करत नाहीत आणि नेतृत्व सरसेनापती हंबीरराव मोहित्यांना देतात. एकाच लेखकाचे एक वाक्य घ्यावे आणि दुसरे सोडावे लागते, ते असे. बुऱ्हाणपूरच्या वस्तीला या लुटीची मोठी झळ बसली, हे मात्र त्यातून वगळता येत नाही.

इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डच्या बाबतीत अशा चिकित्सेला प्रयोगशाळेची जोड मिळाली. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या रणात तो पडला आणि गादीवर आलेल्या ट्यूडर घराण्याच्या काळात त्याचे कुबडा, वाळल्या हाताचा खुनी असे चित्र तयार झाले. शेक्सपिअरने ते अमर केले. राजघराण्याच्या संग्रहातील त्याच्या चित्राची क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा एक खांदा नंतर रंग चढवून उंच केल्याचे दिसले. २०१२ मध्ये लेस्टर शहरातील एका वाहनतळाखाली सांगाडा सापडला. कार्बन कालमापन आणि आईकडून मुलांकडे जाणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएची बहिणीच्या वंशजांशी केलेली तुलना यांवरून तो रिचर्डचाच असल्याचे ठरले. पाठीचा कणा बाजूला वाकलेला होता, पण कुबड नव्हते आणि हातही धडधाकट होते. ज्या पुतण्यांच्या खुनाचा त्याच्यावर आरोप आहे, तो खून त्याने केला की नाही, हे हाडे सांगत नाहीत.

संभाजी महाराजांबाबतही काही गोष्टी चिकित्सेनंतर जागच्या जागी आहेत. डिसेंबर १६७८ मध्ये ते मोगल सरदार दिलेरखानाच्या छावणीत गेले आणि वर्षभराने पन्हाळ्यावर परतले, ही घटना निर्विवाद आहे. कारणांवर मतभेद आहेत. १६८१ च्या देहान्त शिक्षाही खऱ्या आहेत. राज्य घालवल्याचा आरोप मात्र टिकत नाही. औरंगजेब नोव्हेंबर १६८१ मध्ये बुऱ्हाणपुरास आला, पण नाशिकजवळचा छोटासा रामशेज किल्लाच मोगलांना सुमारे पाच वर्षे झुंजवत राहिला. १६८३ मध्ये पोर्तुगिजांचा गोवाही मराठ्यांच्या चढाईने संकटात आला. १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरी कैद झाली आणि ११ मार्चला वध. तरी राज्य बुडाले नाही.

बेंद्र्यांनंतर कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ (१९७१) लिहून हा शोध पुढे नेला. सेतुमाधवराव पगडी यांनी औरंगजेबाच्या दरबारातील फारसी बातमीपत्रे मराठीत आणल्यामुळे ज्याला मूळ नोंदीपर्यंत जायचे आहे, त्याला आज फारसी येण्याची अट उरलेली नाही.