लातूरच्या माळावर कोणते झाड लावायचे?

एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. मांजरा धरण आटले होते, शहर टँकरवर जगत होते. त्याच वर्षी १ जुलैला राज्यात दोन कोटी झाडे लावण्याची मोहीम निघाली. २०१९पर्यंत हे लक्ष्य ३३ कोटींवर गेले. लातूर जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी. त्यामुळे ‘जंगल नाही म्हणून पाऊस नाही’ हे समीकरण इथे सहज रुजले. संशोधन मात्र सांगते, की गोष्ट इतकी सरळ नाही.

झाड मुळांनी पाणी ओढते आणि पानांतून ते वाफेच्या रूपाने हवेत सोडते. या बाष्पाचा काही भाग पुन्हा पाऊस होऊन पडतो. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की विरळ झाडांच्या गवताळ रानांची जागा पिकांनी घेतल्यामुळे हे बाष्प घटले आणि मोसमी पाऊस दुबळा झाला. याचा परिणाम मुख्यतः गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्य भारतात दिसला.

त्याआधी २०१५ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी संगणकीय प्रारूपावर वेगळाच प्रश्न तपासला होता: जंगल दूरदेशी तुटले तर काय होईल? उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशांत मोठ्या प्रमाणावर जंगलतोड झाली, तर पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि भारतातला पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी घटू शकतो, असे त्यांना आढळले. म्हणजे लातूरचा पाऊस लातूरच्याच झाडांच्या हाती नाही. हजारो किलोमीटरवरच्या जंगलांशीही त्याचा संबंध आहे.

मग माळावर झाडे लावायचीच नाहीत का? इथे मदतीला आले ते मराठी साहित्य. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रातील तेराव्या शतकापासूनच्या रचना, कथा आणि लोकगीते वाचून त्यांतल्या रानटी वनस्पतींची नोंद केली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४४ प्रजाती आढळल्या. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश गवताळ माळरानातल्या होत्या. पंढरपुरात संत कान्होपात्रेच्या स्मृतीशी जोडलेली तरटीही कोरड्या रानातलीच. निष्कर्ष असा, की हे माळ म्हणजे उजाड झालेले जंगल नव्हे. किमान साडेसातशे वर्षे ते माळच आहेत.

अभ्यास पश्चिम महाराष्ट्राचा असला, तरी लातूरचे पठारही दख्खनचेच, कमी पावसाचे. त्यामुळे हा प्रश्न इथेही विचारायला हवा. माळ म्हणजे पडीक जमीन, असे धरून तिथे ग्लिरिसिडियासारखी परदेशी झाडे दाटीने लावली, की सावलीत गवत मरते. मेंढपाळाची चराई जाते, काळवीट आणि लांडग्याचा आसरा जातो. गवताची मुळे जमिनीत कार्बन साठवतात आणि माती धरून ठेवतात, तेही जाते. शिवाय दाट लागवड जमिनीतील ओल वेगाने शोषते. ज्या गावाला प्यायला पाणी नाही, तिथे हा सौदा महागात पडतो.

नांदेडची स्थिती वेगळी. किनवट-माहूरच्या डोंगरात, पैनगंगेच्या काठाने सागवानाचे खरेखुरे पानझडी जंगल आहे. तिथे नव्या खड्ड्यांपेक्षा उभे जंगल तोड आणि वणव्यापासून वाचवणे अधिक मोलाचे. लातूरच्या माळावर मात्र गवत राखून अधूनमधून बाभूळ, बोर, हिवर अशी इथलीच झाडे वाढू देणे आणि सलग दाट लागवड टाळणे शहाणपणाचे. बांध, रस्त्याच्या कडा आणि शहरातली उन्हाने तापणारी मोकळी जागा यांना सावलीची गरज आहेच. तिथे कडुनिंब, वड, पिंपळ हवेतच.

असे प्रश्न एका विषयाच्या चौकटीत सुटत नाहीत. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र, जीवशास्त्र आणि सामाजिक शास्त्रे ही संकुले एकाच आवारात आहेत. मराठवाड्यातील जुन्या गाण्यांतली आणि गावांच्या नावांतली झाडे मोजायला यापेक्षा जवळची जागा नाही. पुढच्या जुलैत खड्डा खणण्याआधी एवढेच पाहावे: या जमिनीवर पूर्वी काय उगवत होते?